मायरोसची उजवी बाजू

त्या वर्षी ऑक्टोबरात हुल्तच्या शेतावर मी ती लाकडी गाय हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली, आणि सगळं तिथून सुरू झालं.

मी तेव्हा दूध-तपासनीस होते. दर तीन आठवड्यांनी एकेका शेतावर जायचं, संध्याकाळच्या आणि सकाळच्या धारेला गोठ्यात उभं राहायचं, प्रत्येक गाईचं दूध वेगळं तोलायचं, त्यात आम्ल घालून बाटल्या हातयंत्रात गरगर फिरवायच्या आणि फॅट किती लागते ते लिहून ठेवायचं. मुक्काम त्याच घरी. दुसऱ्या दिवशी माझी पेटी कुणाच्या तरी घोडागाडीवर टाकून पुढचं शेत. अशी बावीस घरं माझ्याकडे होती. सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची मुलगी घरोघर फिरते म्हटल्यावर बहुतेक घरांत माझ्यासाठी एखादा भाचा किंवा पुतण्या हेरून ठेवलेला असे. मी भाच्यांकडे फारसं बघत नसे. मला दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तू बघायचा नाद होता.

हुल्तची गाय खिडकीच्या फळीवर, जिरेनियमच्या कुंडीशेजारी उभी होती. वीतभर उंचीची, अल्डरच्या लाकडाची. तासकाम मुद्दाम गुळगुळीत न केलेलं. सुरीचे सपाट घाव तसेच ठेवून वर पातळ रंग दिलेला. ब्योर्केलुंडच्या शेतावरच्या सानफ्रीदचं काम हे लांबूनही कळायचं. आमच्या स्मोलंडातल्या त्या टापूत सानफ्रीदची एखादी तरी मूर्ती नाही असं घरच नव्हतं. कुणाकडे नांगर ओढणारा घोडा, कुणाकडे डुकरीण आणि तिची पिलं, कुणाकडे तंबाखू चघळत कुंपणाला टेकलेला शेजारी.

"काय बघतेस एवढं?" हुल्तच्या हिल्दुरकाकू चुलीपासून म्हणाल्या. "तिला नाही यायचं दूध."

"काकू, हिची डावी बाजू कोरलेलीच नाही हो."

"असं कसं?"

मी त्यांच्यापुढे गाय धरली. उजव्या बाजूला बरगड्या, कुशीचा खळगा, पोटावरची फुगलेली शीर, कास, चारी सड, त्यातला मागचा एक आखूड, सगळं असं होतं की हात लावला तर ऊबच लागेल. डावी बाजू म्हणजे सात-आठ घाव घालून सोडून दिलेली फळी.

"हात अधू आहे त्याचा," काकू म्हणाल्या. "पलीकडे पोचत नसेल." आणि आपल्याच बोलण्यावर खो खो हसल्या.

सानफ्रीदकाकांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट सहा वर्षांपूर्वी मळणीयंत्राच्या पट्ट्यात गेलं होतं. पुढचं वर्षभर त्यांनी सुरीला हात लावला नाही. मग डाव्या हाताने कोरायला लागले, आणि गंमत म्हणजे मूर्ती आधीपेक्षा चांगल्या व्हायला लागल्या. लोक म्हणत, दुसरा हात पण यंत्रात घाल म्हणावं, म्हणजे राजधानीत नाव होईल.

मी गाय जागेवर ठेवली. पण डोक्यातून ती काही हलेना.

पुढच्या दोन आठवड्यांत मी ज्या घरी गेले तिथली सानफ्रीदकाकांची मूर्ती पहिल्यांदा हातात घेतली. लोकांना वाटलं हिला कोरीवकामाचा छंद लागला. मला दोन गोष्टी दिसल्या. अपघाताच्या आधीच्या मूर्ती मागून सुंदर होत्या. घोड्याचे पुठ्ठे, शेपटीची गाठ, मागच्या खुरांवरचे केस. तोंड मात्र कसंतरीच. माणूस जन्मभर नांगरामागून चालला तर त्याला घोडा असाच दिसणार, हे सरळ होतं. अपघातानंतरच्या गाई मात्र उजव्या बाजूने सुंदर होत्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या. एका घरी चार गाई ओळीने मांडलेल्या होत्या, चारींचं तोंड एकाच दिशेला, कारण उलट्या ठेवल्या तर बघण्यासारखं काही नव्हतंच.

आमच्याकडे गाईच्या उजव्या अंगाला बसून धार काढतात. तिवईवर बसायचं, कपाळ तिच्या कुशीत टेकायचं, आणि मग नाकासमोर जे दिसतं ते हेच: बरगड्या, खळगा, शीर, कास. मी रोज त्या तिवईशेजारी उभी असायची, म्हणून मला ते कळलं. पण धार काढणं बायकांचं काम. त्या वयाचा पुरुष शेण ओढेल, गवत टाकेल, गाय विताना बाही वर करून हात घालेल, पण तिवईवर बसलेला कुणी बघितला तर गावात तोंड दाखवायची चोरी. सानफ्रीदकाकांनी आयुष्यात धार काढलेली नव्हती. ते स्वतःच अभिमानाने सांगायचे.

मग हे गाईच्या कुशीत कपाळ टेकून कोण बसलं होतं?

नोव्हेंबरात ब्योर्केलुंडची पाळी आली. मी दुपारीच पोचले. सानफ्रीदकाका कामाच्या खोलीत, डाव्या हातात कुंचला धरून एका कोंबड्याचा तुरा रंगवत होते. मोठा बोलका माणूस. मिशा पिवळ्या, त्यातल्या एका टोकाला लाल रंग लागलेला.

"ये, तपासनीसबाई. काय म्हणतंय जगाचं दूध?"

"पातळ होत चाललंय. काका, एकदा तुम्हाला कोरताना बघायचंय."

"अं हं. कुणी बघत बसलं की सुरी वाकडी जाते माझी." हे ते सगळ्यांना सांगायचे. मी तीनदा ऐकलं होतं.

ओट्यावर ताज्या ढलप्या पडल्या होत्या आणि ढलप्यांत सुरी होती. मी ती उचलली. पातं बोटभर, मूठ बर्चची, वापरून वापरून काळी झालेली.

"लोहाराकडून मुद्दाम करून घेतली," काका म्हणाले. "अपघातानंतर. खास डाव्या हाताची."

मी डाव्या मुठीत धरून पाहिली. कुठेतरी टोचत होती. मग, ते कोंबड्याकडे वळलेत असं बघून, उजव्या मुठीत घेतली. मुठीला अंगठ्याखाली एक खळगा पडला होता, आणि माझा उजवा अंगठा त्यात असा जाऊन बसला जसं उशीत डोकं. मी सुरी होती तशी ढलप्यांत ठेवली.

संध्याकाळी गोठ्यात टेकलाकाकू होत्या. सानफ्रीदकाकांची बायको. उंच, हडकुळी, कमी बोलणारी बाई. डोक्याला रुमाल इतका घट्ट बांधायच्या की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत. त्यांच्या सात गाई होत्या. मी काटा घेऊन मागे उभी, त्या धार काढतायत, आणि बादलीत चुर्र चुर्र आवाज. तिसरी गाय मायरोस. मायरोसचा मागचा उजवा सड अर्धा आखूड होता. कालवड असताना दुसऱ्या गाईने पाय दिला होता. हा सड मी अजून एका जागी पाहिला होता, हुल्तच्या खिडकीत. वाकून कास बघितल्याशिवाय तो दिसतच नाही.

कास पुसायला टेकलाकाकूंनी फडकं घेतलं तेव्हा कंदिलाचा उजेड त्यांच्या डाव्या अंगठ्यावर पडला. त्यावर बारीक बारीक पांढरे ओरखडे होते, एकाशेजारी एक. आईच्या हातावर बटाटे सोलून होतात तसे नव्हते. लाकूड धरलेल्या अंगठ्यापाशी सुरी येऊन थांबते, आणि कधीकधी थांबत नाही, तसे.

"काकू," मी म्हटलं, "हुल्तकडची ती लाकडी मायरोस तुम्ही केलीत ना?"

धारेचा आवाज थांबला नाही. दोन मुठी, तीन मुठी, चार. मग कपाळ न उचलता त्या म्हणाल्या, "सडावरून कळलं?"

"आधी बाजूवरून. मग सुरीवरून. मग अंगठ्यावरून."

"बरीच हिंडलीस म्हणायची." पुन्हा चुर्र चुर्र. "कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग दूध तोल. सांडेल."

पण धारा संपल्यावर त्यांनी तिवई ओढून मला बसायला दिली आणि स्वतः गवताच्या भाऱ्यावर बसल्या. अपघातानंतरच्या वर्षी चर्चच्या सोडतीला सानफ्रीदने एक गाय कबूल केली होती. लाकूड गुडघ्यांत धरून डाव्या हाताने तो चार दिवस झगडला. पाचव्या दिवशी त्याने लाकूड भिंतीवर फेकलं आणि भिंतीकडे तोंड करून निजला.

"मी उचललं. म्हटलं, सोडतीची अडचण तरी सुटेल. मला कुठं येत होतं? मायरोसची आई रोज कपाळाला टेकलेली असायची, ती कशी आहे ते हाताला ठाऊक होतं. संध्याकाळी त्याच्यासमोर ठेवली. दुसऱ्या दिवशी म्हणतो, पोट फार मोठं केलंस. मी म्हटलं, पोट मोठंच आहे तिचं. तू तिला मागून बघतोस."

मी हसले. त्या हसल्या नाहीत, पण भुवया थोड्या खाली आल्या.

"मग सांगत का नाही लोकांना? रंग ते देतात, कोरता तुम्ही. लपवण्यासारखं काय आहे?"

"गाई असत्या तर सांगितलंही असतं. मी माणसंही करते, पोरी. पाद्रीबुवा जेवणानंतर कसे बसतात ते मी केलंय. हुल्तच्या एवर्टचं खोटं बोलतानाचं तोंड केलंय. सानफ्रीदने केलं म्हणून सगळे पोट धरून हसतात. तेच मी केलं म्हटलं की काय म्हणतील? टेकला आमच्याकडे कॉफी प्यायला येते, गप्प बसते, आणि घरी जाऊन आमच्या नकला करते. हसणार नाही मग कुणी." त्या उठल्या. "तू हुशार आहेस. तोंडानेही हुशार हो."

मी मान डोलावली. मनापासून डोलावली होती.

डिसेंबरात हुल्तला गेले तेव्हा हिल्दुरकाकूंच्या नवऱ्याचा, एवर्टकाकांचा, पन्नासावा वाढदिवस नुकताच झालेला. जेवणाच्या टेबलावर नवी मूर्ती उभी होती, सानफ्रीदकाकांची भेट. दोन्ही हातांत बादल्या घेऊन डुकरांच्या खुराड्याकडे निघालेली बाई. डावा खांदा उतरलेला, एप्रन वाऱ्याने मागे गेलेलं, तोंड उघडं.

"ओळख बघू कोण!" एवर्टकाका मांडीवर थाप मारून म्हणाले. "आवाज येतोय की नाही? 'एवर्ट! एवर्ट, कुठं मेलास!' पंचवीस वर्षं ऐकतोय मी. आता ही लाकडातून पण ओरडते."

हिल्दुरकाकूही हसत होत्या. "डांबिस आहे मेला सानफ्रीद. डोळा बघा त्याचा! दोन वर्षांत आमच्या अंगणात पाय ठेवला नाही, तरी एप्रनचं ठिगळ पण बरोब्बर. कुठून बघतो गं हा?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. बटाट्याचा गोळा तोंडात होता, तो चावत राहिले असते तरी चाललं असतं. पण महिनाभर ते माझ्या पोटात होतं. मी एकटीने शोधून काढलेलं, कुणीच न पाहिलेलं. कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला राहवेना. हे मी आज सांगते. त्या दिवशी मला वाटलं की मी टेकलाकाकूंना त्यांचं श्रेय मिळवून देतेय.

"सानफ्रीदकाकांनी नाही पाहिलं," मी म्हटलं. "टेकलाकाकूंनी."

आणि मग सगळंच सांगितलं. बाजू, सुरी, अंगठा, मायरोस.

एवर्टकाकांनी शीळ घातली. हिल्दुरकाकूंचं हसू मात्र चेहऱ्यावर राहिलं आणि आतून गेलं.

"टेकलाने?" त्या म्हणाल्या. "डुक्कर कापायच्या वेळी मदतीला आली होती. दोन दिवस होती. माझ्या टेबलाशी जेवली." त्यांनी मूर्ती उचलली, ओढायच्या खणात टेबलावरच्या चादरींखाली ठेवली आणि खण गुडघ्याने बंद केला. "दूध कधी तोलायचंय तुला?"

जानेवारीत ब्योर्केलुंडला गेले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फ कमरेएवढा होता. स्वयंपाकघरात शिरले तर मोठं टेबल मांडलेलं. पांढरी चादर, बारा कप, मधोमध सात प्रकारच्या बिस्किटांची ताटं. आणि एकही कप वापरलेला नाही.

"पाहुणे यायचेत?" मी विचारलं.

"यायचे होते," सानफ्रीदकाका म्हणाले. "काल. शिवणमंडळ. रस्ता बर्फाचा आहे म्हणे. अकरा बायकांना एकाच दिवशी बर्फ दिसला." त्यांच्या मिशांत आज हसू नव्हतं. "सगळ्या गावाला ठाऊक झालंय. कुणाकडून झालं असेल, तपासनीसबाई?"

टेकलाकाकू चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. मी पेटी खाली ठेवली, पण हातमोजे काढायचं विसरले.

"माझ्याकडून," मी म्हटलं.

"तुला दूध मोजायला ठेवलंय," सानफ्रीदकाका म्हणाले, "माणसं मोजायला नाही." ते उठून बाहेर गेले. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

टेकलाकाकूंनी कॉफी ओतली. "बस. खा. कुणीतरी खाल्लीच पाहिजेत."

मी बसले. सातही प्रकार खाल्ले. बदामाचे तर संपवले. त्या समोर बसून साखरेचा खडा दातांत धरून कॉफी पीत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की त्या बघतात म्हणजे काय. राग नव्हता त्यात. मी कशी बसलेय, मान किती खाली गेलीय, कप दोन हातांनी का धरलाय, ते सगळं त्या बघत होत्या.

"मी मूर्तींतून बदला घेतला असं गावात का म्हणतात गं?" त्यांनी शेवटी विचारलं. "कसला बदला? मी कुणाला हसले नाही. एकदाही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळची धार संपवून, बाटल्या फिरवून झाल्यावर मी पेटी तिथेच ठेवली आणि हुल्तची वाट धरली. पाळी हुल्तची नव्हती.

हिल्दुरकाकू एकट्याच होत्या. एवर्टकाका जंगलात लाकूडतोडीला. मी दारातच सांगून टाकलं. बारा कप, सात प्रकार, आणि त्या बाईने विचारलेला प्रश्न.

"मग मी काय करू?" काकू म्हणाल्या. "तिने मला चव्हाट्यावर मांडली. ओरडणारी बाई! एवर्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. सानफ्रीद पुरुष, त्याला काय कळतं, म्हणून मी हसले. पण टेकला बाई आहे. तिला कळतं."

"काय कळतं?"

काकूंनी खण उघडला, चादरींखालून मूर्ती काढली आणि खिडकीतल्या उजेडात धरली. मला वाटतं त्या दिवसापर्यंत त्यांनी ती नीट बघितलीच नव्हती. एवर्टच्या हातात होती तेव्हा हसण्यातच वेळ गेला, आणि नंतर खणात.

"मी अशी चालते?" त्यांनी विचारलं.

आता खोटं बोलून चालणार नव्हतं. "हो."

"हा खांदा असा असतो?"

"हो, काकू. डावा. मला वाटलं बादली जड असेल."

"बादल्या दोन्ही सारख्याच आहेत. बघ ना." त्या मूर्तीवर बोट फिरवत होत्या. "एकोणीस वर्षं झाली. विहिरीपाशी बर्फावरून पडले होते, खांद्यावर कावड होती. हाड मोडलं असावं. डॉक्टर कुठला, सुगीचं कर्ज की काय ते आम्ही निस्तरत होतो, आणि मी पोटुशी. पोर राहिलं नाही. मग खांद्याचं कुणी विचारलं नाही, मीही नाही. एवर्टला अजून माहीत नाही की तो उतरलाय. रोज शेजारी निजतो."

त्यांनी कोट घातला. मूर्ती रुमालात गुंडाळली.

"चल. माझी बर्फावरची ढकलगाडी घे, तू तरणी आहेस."

मी मागे लोखंडी पट्ट्यांवर उभी राहून एका पायाने बर्फ रेटत होते आणि हिल्दुरकाकू पुढच्या आसनावर, मांडीवर रुमाल घेऊन. उतारावर ढकलगाडी इतकी जोरात सुटली की एरवी त्या किंचाळल्या असत्या. त्या दिवशी नुसता रुमाल घट्ट धरला.

ब्योर्केलुंडला टेकलाकाकू कप उचलून फडताळात ठेवत होत्या. सानफ्रीदकाका खिडकीपाशी. आम्हाला बघून दोघंही जागच्या जागी थांबली. हिल्दुरकाकूंनी बर्फाचे बूटही काढले नाहीत. सरळ टेबलापाशी गेल्या आणि मूर्ती पांढऱ्या चादरीवर ठेवली.

"हे कधी बघितलंस?"

"डुक्कर कापायच्या दिवशी," टेकलाकाकू म्हणाल्या. "दुसऱ्या सकाळी. मी रक्त ढवळत होते."

"खांदा का उतरवलास?"

"मी नाही उतरवला. उतरलेलाच होता." टेकलाकाकूंनी हातातला कप खाली ठेवला. "दुखतो का गं?"

हिल्दुरकाकू खुर्चीत बसल्या. बर्फ वितळून बुटांखाली पाणी झालं. त्या बोलल्या तेव्हा आवाज लहान मुलीसारखा आला.

"हवा बदलली की. आणि पाव मळताना."

"डाव्या कुशीवर निजता येतं?"

"नाही."

"वाटलंच मला."

सानफ्रीदकाका घसा खाकरून गोठ्यात काहीतरी बघायला निघून गेले. मला पण जायला हवं होतं, पण मी दाराशी उभी राहिले. हलले असते तर फळी वाजली असती.

हिल्दुरकाकूंनी नाक पुसलं आणि जरा त्यांच्या मूळ आवाजात म्हणाल्या, "ते तोंड मात्र मिटव. ओरडतेय मी त्यात. सगळा गाव हसतो."

"कोण म्हणतं ओरडतेस?"

"एवर्ट."

"एवर्टला काय दिसतंय!" टेकलाकाकू पहिल्यांदाच आवाज चढवून बोलल्या. "ओरडणारी बाई मान पुढे काढते. तुझी मान बघ, मागे आहे. दम लागलाय तुला. चढावर मधेच थांबून तू तोंडाने श्वास घेतेस आणि कुणी बघायच्या आत पुन्हा निघतेस. ते आहे ते."

हिल्दुरकाकूंनी मूर्ती पुन्हा हातात घेतली. मीही पुढे होऊन वाकले. आणि खरंच, दिसलं. एवढे दिवस एवर्टकाकांचं हसणं आमच्या डोळ्यांवर होतं. ते बाजूला केलं तर ती बाई ओरडत नव्हती. उतरलेल्या खांद्याने, दोन भरल्या बादल्या न टेकवता, क्षणभर थांबली होती.

"मग नको मिटवूस," हिल्दुरकाकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एप्रनचं ठिगळ तेवढं काढ. ते आता बदललंय मी."

टेकलाकाकू उठल्या, कामाच्या खोलीतून सुरी आणली आणि दुसऱ्या बाईसमोर बसून कोरायला लागल्या. डावा अंगठा मागून आधार देणारा, उजवा मुठीतल्या खळग्यात. तीन घाव. ठिगळाची ढलपी चादरीवर पडली. मी इतके दिवस ज्याच्या मागावर होते ते हे, आणि ते बघायला तीन श्वास पुरले. सफरचंद सोलावं तशी ती बाई काम करत होती.

"कॉफी आहे का?" हिल्दुरकाकूंनी विचारलं. "आणि सात प्रकार केले होतेस म्हणे."

"सहाच उरलेत. बदामाचे हिने संपवले."

पुढे सगळं गोड झालं असं नाही. शिवणमंडळ फेब्रुवारीत ब्योर्केलुंडला जमलं, कारण हिल्दुरकाकूंनी घरोघर जाऊन सांगितलं की येणार नसाल तर कारण मला सांगा, बर्फाला मध्ये घालू नका. नऊजणी आल्या. दोघींनी आपापल्या मूर्ती रुमालात बांधून आणल्या होत्या आणि कोपऱ्यात टेकलाकाकूंना गाठून हळू आवाजात काहीतरी विचारत होत्या. काय, ते मी ऐकलं नाही. ऐकायचा प्रयत्न केला नाही, हे माझ्यासाठी मोठंच. पाद्रीबुवांच्या बायकोने मात्र पुन्हा त्या घरात पाऊल ठेवलं नाही, आणि काही पुरुषांनी खिडकीतल्या मूर्ती काढून माळ्यावर टाकल्या. सानफ्रीदने केलेल्या म्हणून ठेवल्या होत्या, म्हणे. एवर्टकाका तेवढे एकदा ब्योर्केलुंडला येऊन दाराशी टोपी हातात फिरवत उभे राहिले आणि विचारून गेले, पाणी वाहायची चाकगाडी करायची तर किती रुंद करावी.

माझ्याशी सानफ्रीदकाका उन्हाळ्यापर्यंत धड बोलले नाहीत. जूनमध्ये गेले तर ते पायरीवर बसलेले, डाव्या हातात सुरी, गुडघ्यांत लाकूड, आजूबाजूला ढलप्यांचा सडा. उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. मी जवळ गेले तरी त्यांनी लपवलं नाही.

"काय करताय, काका?"

"कोंबडी."

मी बघितलं. कोंबडी होती ती असं त्यांनी सांगितलं म्हणून कळलं.

"आता काय, सगळ्यांना माहीत आहे की मला येत नाही," ते म्हणाले. "वाईट करायला मोकळा झालो." आणि मिशांत हसले. "पाच वर्षं हात मांडीवर ठेवून बसायचो गं. ती कोरायची, मी रंग घोटायचो. फार कंटाळवाणं असतं ते, हुशार असण्याचं सोंग."

आतून टेकलाकाकूंनी खिडकी उघडली. "सानफ्रीद, पाय कुठायत तिचे?"

"बसलीय ती. अंड्यांवर."

"तू पाय मोडलेस म्हणून बसलीय!"

"कोंबडी माझी आहे, मला वाटेल तेव्हा बसेल!"

खिडकी बंद झाली. ते पुन्हा लाकडाला भिडले. सुरी सटकली, त्यांनी शिवी हासडली, पुन्हा धरली. मी पेटी पायरीवर ठेवली आणि धारेची वेळ होईपर्यंत शेजारी बसून बघत राहिले. त्यांनी जा म्हटलं नाही.